टेन्शन गेलं, गोळी सोडली

(करकंब येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, बहिणींनो आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांनो,



मला निरोप आला तेव्हा विषय सुचवला होता, 'आयटीत नोकरी कशी मिळवावी'. त्यावर बोलायला माझी ना नाही. कार्यक्रम झाल्यावर ज्याला विचारायचंय त्याने खुशाल विचारावं, मी उद्या सकाळपर्यंत गावातच आहे. पण मी म्हटलं, आज मला दुसऱ्या गोष्टीवर बोलू द्या. टेन्शन आणि बीपी. हसू नका. पुरुषांचं टेन्शन आणि पुरुषांचं बीपी. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. आकडे वाचणं हा माझा धंदा आहे, आणि आमच्या घराने एक आकडा चुकीचा वाचला. तेवढ्या हक्कावर बोलतो.

माझे अब्बा इथं पुढेच बसलेत. हे सगळं सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, "बोल. पर मेरेकू बिचारा नक्को बना."

तुमच्यापैकी पुष्कळांच्या शेतातल्या मोटारी अब्बांच्या हातून गेल्या असतील. मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेली क्वाइल काढायची, तांब्याची तार मोजून नवे फेरे गुंडाळायचे, स्लॉटमध्ये बसवायचे, वार्निश मारायचं. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून फेरे मोजायचो. इंजिनिअरिंगचा पहिला धडा तोच. धंदा सगळा उधारीवर. शेतकरी म्हणायचा, उसाचं बिल आलं की देतो. बिल कधी यायचं ते शेतकऱ्यालाच माहीत नसायचं. तार मात्र रोख आणावी लागायची.

२०१४ साली माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याच सुमारास गावात एक तपासणी शिबिर होतं. अब्बा सहज गेले. १७० वर १०४ निघालं. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा तेवढंच. रोज एक गोळी लिहून दिली. अब्बांनी ती घेतलीही. सगळ्यांना सांगायचे, लग्नाचं टेन्शन आहे, हॉल, जेवण, सोनं, म्हणून वाढलंय. आम्हालाही पटलं. कुणाला पटणार नाही? लग्न झालं, बहीण सासरी गेली, देणं फिटलं. एक दिवस गोळ्यांची पट्टी संपली. मी विचारलं, नवीन आणू का? ते म्हणाले, "टेन्शन था, गया. अब गोली कायकू?"

मी तेव्हा इंजिनिअर झालेलो होतो. मीसुद्धा म्हटलं, बरोबर आहे.

तीन वर्षांनी, सकाळी दुकानात, त्यांच्या हातातून चहाचा ग्लास पडला. तोंड एका बाजूला ओढलं, बोलणं बोबडं झालं. त्यांना आडवं केलं, कुणी पाणी पाजायला लागलं, कुणी हाताला तेल चोळलं, कुणी म्हणालं थोडा वेळ बघू. सगळी आपलीच माणसं, सगळ्यांचा जीव तुटत होता. पंढरपूरला पोहोचेपर्यंत आणि तिथून पुढे सोलापूरला नेईपर्यंत दुपार टळून गेली होती. रक्ताच्या गाठीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. आमची ती वेळ तेल चोळण्यात गेली. तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, झटका कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा आणि तोंडात पाणीसुद्धा घालू नका. माझं बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल.

अब्बा वाचले. चालतात, बोलतात, चिडतातही. पण उजव्या हाताची बोटं परत आली नाहीत. ज्या बोटांना तारेची जाडी नुसत्या स्पर्शाने कळायची, त्यांना आता शर्टाचं बटण लागत नाही.

तर ही चूक नेमकी कुठे झाली, हे मी पुष्कळ वर्षं शोधत होतो. आम्ही अडाणी नव्हतो. डॉक्टरही होते, गोळीही होती, पैसेही होते. मला वाटतं चूक एका शब्दात होती.

उच्च रक्तदाबाला इंग्रजीत हायपरटेन्शन म्हणतात. आपण ऐकतो आणि अर्थ लावतो: हायपर म्हणजे जास्त, टेन्शन म्हणजे टेन्शन. ज्याला जास्त टेन्शन त्याला हायपरटेन्शन. चिठ्ठीवर डॉक्टरच लिहून देतो म्हटल्यावर शंका कशाला? पण या शब्दातलं टेन्शन मनाचं नाही. तो ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडतो. तुमच्या ड्रिपच्या फिल्टरजवळ प्रेशरचा गेज असतो ना, तसा हा आकडा आहे. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. गेजचा काटा रोज जास्त राहिला तर नळी एखाद्या दिवशी कुठेतरी फुटते किंवा तुंबते. नळीला शेतकऱ्याच्या मनःस्थितीशी देणंघेणं नसतं. शेतकरी मजेत असला तरी ती फुटते.

अब्बांचं टेन्शन खरंच गेलं होतं. बीपी गेलं नव्हतं. ते दुखत नाही, खुपत नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं आणि नाही दुखलं म्हणजे बरोबर आहे, असं मोजणारी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मनाचा आणि बीपीचा संबंधच नाही का? आहे. आणि तो मजेशीर आहे, म्हणून जरा थांबतो.

मेंदूला धोका वाटला की तो थेट मज्जातंतूंमधून हुकूम सोडतो. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो. मूत्रपिंडालाही निरोप जातो की मीठ-पाणी धरून ठेव. कुत्रा मागे लागला असेल तर हे फार उपयोगी आहे. कुत्रा गेला की दाब उतरतो. शरीराला फरक कळत नाही तो इथे: कुत्रा असो, बँकेचा फोन असो की साहेबाचा मेल, हुकूम एकच.

इटलीतल्या मिलानमध्ये ज्युसेप्पे मान्चिया नावाच्या डॉक्टरांनी १९८३ साली एक प्रयोग छापला. रुग्णांच्या धमनीत सुई बसवून दाब सतत नोंदला जात होता, आणि मग नुसता डॉक्टर खोलीत आला. काही केलं नाही, मोजायला आला फक्त. चार मिनिटांच्या आत वरचा आकडा सरासरी २७ च्या आसपास चढला आणि मग हळूहळू उतरत गेला. पुढे त्यांनीच दाखवलं की डॉक्टरऐवजी नर्स आली तर वाढ साधारण निम्मीच होते. म्हणजे शिबिरात एकदा मोजून कुणाला बीपीचा रुग्ण ठरवू नये, हे खरं. पण अब्बांचं दोनदा मोजलं होतं, दोन वेगळ्या दिवशी.

दुसरं उदाहरण भूकंपाचं. इथले मोठे लोक ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरलेले नाहीत, किल्लारीचा धक्का आपल्याकडेही जाणवला होता. तसाच मोठा भूकंप जपानमध्ये कोबेला जानेवारी १९९५ मध्ये झाला. तिथल्या डॉक्टरांकडे बीपीच्या रुग्णांच्या आधीच्या नोंदी होत्या. भूकंपानंतर आकडे चढले, आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत पूर्वपदावर आले. ज्यांच्या मूत्रपिंडाला आधीच इजा होती त्यांचे मात्र वरच राहिले. म्हणजे अख्खं गाव कोसळलं तरी निरोगी शरीर दाब खाली आणतं. आणि आतून खराबी असेल तर संकट टळल्यावरही तो खाली येत नाही. अब्बांच्या 'टेन्शन था, गया' ला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

पण वर्षानुवर्षं चालणारा ताण? इटलीतच मठात राहणाऱ्या जोगिणी आणि त्याच भागातल्या संसारी बायका यांना डॉक्टरांनी काही दशकं तपासलं. सुरुवातीला दोन्हीकडचा दाब सारखाच होता. वय वाढलं तसा संसारी बायकांचा चढत गेला, मठातल्यांचा जवळजवळ तिथेच राहिला. अभ्यास स्त्रियांचा आहे, आणि मठात राहिल्यावर केवळ ताणच नाही, आयुष्यच सगळं बदलतं. पण दुर्लक्ष करावं असा तो नाही. सगळं मिळून मला उमजलं ते असं: ताण आणि चिंता हा दोरीतला एक पदर आहे. दुसरे पदर आईबापांकडून आलेले, वयाचे, मिठाचे, पोटाच्या घेराचे, तंबाखू-दारूचे, अपुऱ्या झोपेचे. ताण पुष्कळदा या दुसऱ्या पदरांवाटेच काम करतो. टेन्शन आलं की आपण काय करतो? रात्री जागतो, पानटपरीवर जातो, मावा चोळतो. निकोटिन स्वतःच दाब चढवतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे ऐकून हसणारे पुष्कळ दिसताहेत.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत आवडते ती सांगतो. मन आणि दाब यांची तार एकच आहे, हे एका मुळीने दाखवून दिलं. सर्पगंधा. बिहार-बंगालकडे तिला पागलांची दवा म्हणत. वेडाच्या भरात असलेल्याला ती दिली की तो शांत व्हायचा, झोपायचा. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांची इच्छा होती की या जुन्या औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी. त्यांनी जर्मनीतून शिकून आलेल्या सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुण रसायनतज्ज्ञाला त्या कामाला लावलं. हकीमसाहेब १९२७ मध्ये गेले. सिद्दिकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून नाव दिलं, अजमलीन. ते हृदयाच्या ठोक्यांसंबंधीच्या एका तपासणीत आजही वापरतात. परंपरेचा आदर करायचा तर असा करावा. मुळी डोक्यावर घेऊन नाचण्यापेक्षा ती प्रयोगशाळेत नेली, काय निघतं ते पाहिलं.

त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर चालते आणि वाढलेल्या रक्तदाबावरही. मग आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. तिथून जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं मुख्य द्रव्य, रेसरपिन, वेगळं झालं. १९५७ चा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार डॉ. वकिलांना मिळाला, रक्तदाबासाठी. आणि त्याच वर्षी तोच पुरस्कार मिळालेल्यांत नेथन क्लाइन हे मनोविकारतज्ज्ञही होते, त्याच रेसरपिनचा मनोविकारांवर उपयोग दाखवल्याबद्दल. एक मुळी, एक वर्ष, एक पुरस्कार, दोन आजार.

कारण असं की मेंदूतल्या पेशी आणि रक्तवाहिनीपर्यंत पोहोचणारे मज्जातंतू, दोघंही निरोप पाठवायला नॉरॲड्रेनॅलिन वापरतात. रेसरपिन त्याचा साठाच रिकामा करतं. दाब उतरतो, मनही शांत होतं. पुढे काहींना त्यातून उदासी येते असं दिसलं, चांगली औषधं आली, आणि ते मागे पडलं. तेव्हा उद्या बाजारातून सर्पगंधा चूर्ण आणून कुणी सुरू करू नका. मी मुळी विकायला आलेलो नाही.

आता माझं.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या कामात ऑनकॉल नावाचा प्रकार असतो. आठवडाभर फोन उशाशी. परदेशातली एखादी यंत्रणा बंद पडली की रात्री दोनला फोन वाजतो. त्याच काळात आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. दलाल फोनवर गोड बोलायचा, फ्लॅट रिकामा आहे म्हणायचा. नाव सांगितलं की दुपारपर्यंत फ्लॅट भरायचा. इथे बसलेल्या ज्यांनी पुण्या-मुंबईत घर शोधलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, पार्किंग नव्हतं. खोटं बोलायचो, कारण नवरा म्हणून घर मिळवणं हे माझं काम होतं आणि ते मला जमत नव्हतं.

एका रात्री छाती धडधडायला लागली. हात गार, घाम, श्वास अपुरा. वाटलं संपलं. एका दवाखान्यात नेलं. ईसीजी सरळ. दाब १६० च्या वर. तिथल्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, "काही नाही, टेन्शन आहे. घेऊ नका टेन्शन." मी घरी आलो, हायसं वाटलं आणि लाजही वाटली. काही नाही तर मग ते काय होतं? आणि टेन्शन न घेण्याची जागा कुठे मिळते, भाड्याने?

खरं सांगतो, मी तेव्हाही तीच चूक केली. म्हटलं, टेन्शनमुळे वाढलं, घर मिळालं की उतरेल. घर मिळालं. सहा महिने मी मोजलंच नाही. ज्याचा बाप पॅरालिसिसने पडला त्या मुलाने. शेवटी बायकोने मशीन विकत आणलं आणि रविवारी सकाळी समोर बसवलं. १५०, १४८, १५२.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी २४ तासांचं यंत्र लावलं. कमरेला डबा, दंडाला पट्टा, दर थोड्या वेळाने तो आपोआप फुगतो, झोपेतही. दिवसाची सरासरी १४४ वर ९२ आली, रात्रीची १३२ वर ८४. डॉक्टरांनी पहिल्यांदा रात्रीच्या आकड्यावर बोट ठेवलं. झोपेत दाब किमान १० टक्के तरी उतरायला हवा, माझा पुरता उतरत नव्हता. आमच्या कामात एखाद्या क्षणी आलेला उंच काटा आम्ही सोडून देतो. रात्री गिऱ्हाईक नसतानाही मशीन तापलेलं असेल तर मात्र झोप उडते. हे तसंच होतं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर झालेल्या काही अभ्यासांत दिसलंय की ज्यांना भेदभाव जास्त सोसावा लागतो त्यांचा रात्रीचा दाब कमी उतरतो. यावरून मी माझं बीपी दलालाच्या माथी मारत नाही. माझ्या बापाचं रक्त आहे, माझं वजन आहे, माझं रात्रीचं फरसाण आहे. पण अपमान गिळला म्हणजे तो पचतोच असं नाही, एवढं मला त्या आकड्यांनी शिकवलं.

त्या डॉक्टरांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या केल्या, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बीपीला गोळी. आणि त्या रात्रीच्या धडधडीला म्हणाले, याला घबराटीचा झटका म्हणतात, याचाही उपचार असतो, त्यासाठी समुपदेशकाकडे जा. 'टेन्शन आहे' म्हणून हसण्यावारी नेलं नाही, आणि 'बीपी आहे' म्हणून मनाची बाजू गोळीखाली दडपलीही नाही. मी आठ वेळा गेलो. पहिले दोन तास मी फक्त कामाबद्दल बोललो. तिसऱ्या वेळी पार्किंगबद्दल बोललो.

आपण पुरुष 'मला भीती वाटते' म्हणत नाही. 'बीपी वाढलंय' म्हणतो. ते मर्दानी वाटतं. किंवा ओरडतो. आमच्या घरी अब्बांची पहिली तपासणी झाली तेव्हापासून अम्मी आम्हाला दटावायची, "अब्बाकू कुछ बोलू नक्को, बीपी है." ते चिडले की घर गप्प. ताट सरकवलं की घर गप्प. गोळी सोडली होती, पण बीपीचा मान चालूच होता. अब्बा, तुम्ही हसताय, पण हे खरं आहे. आणि ज्या अम्मीने सगळ्यांची तोंडं गप्प केली, तिचं बीपी पहिल्यांदा कधी मोजलं? अब्बांना झटका आला त्यानंतर, सोलापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, नर्सला दया आली म्हणून. १६० वर ९६. ती तेव्हापासून गोळी घेते. एक दिवस चुकवत नाही. तिला कुणी बोलू नका, असं मात्र आम्हाला कुणीच सांगितलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचा आणि स्त्रियांपैकी २१ टक्क्यांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते गोळी घेत होते. पुरुषांत जवळपास चारातला एक. फरक फार नाही, एवढंच बायकांच्या बाजूने लक्षात ठेवा.

काय करायचं, ते पटकन सांगतो. मोजायचं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, सिगारेट नाही, मावा नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजायचं. दवाखान्यात १४० वर ९० आणि घरी १३५ वर ८५ च्या पुढे वेगवेगळ्या दिवशी येत असेल तर डॉक्टर. दवाखान्यात बरोबर आणि कामाच्या जागी जास्त, असंही असतं, आणि ते तरुण पुरुषांत, सिगारेट ओढणाऱ्यांत, कामाचा ताण असणाऱ्यांत जास्त सापडतं.

गोळी महाग आहे, हे कारण आता चालत नाही. केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांतून झाली. त्याची सगळी हुशारी साधेपणात आहे: ठरलेली मोजकी औषधं, महिन्याची गोळी एकदम हातात, आणि जो यायचा थांबला त्याला शोधून काढणं. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. अब्बा थांबले तेव्हा त्यांना शोधायला कुणी नव्हतं, मीही नव्हतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचाराला पैसे लागत नाहीत. आणि मनासाठी टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. फोन शेताच्या बांधावरून करा, कुणाला कळणार नाही.

रमजानबद्दल दरवर्षी गोंधळ होतो म्हणून सांगतो. रोजे सुरू झाले की गोळी बंद, आणि इफ्तारला भजी, समोसे, पापड, लोणचं. दाबाच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही उलटं आहे. दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुतेकांना सहेरी किंवा इफ्तारच्या वेळी बसवून घेता येते. लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर मात्र विचार वेगळा करावा लागतो. महिना उजाडायच्या आधी डॉक्टरांकडे जा, नंतर नको. नमाजने मनाला शांती मिळते, कुणाला जिक्रने, कुणाला हरिपाठाने, कुणाला कॅनॉलच्या कडेने चालण्याने. मिळवा. सावकाश श्वास घेतल्याने दाब थोडा उतरतोही. पण 'अमुक वेळा अमुक पढा, गोळी फेकून द्या' असा व्हॉट्सॲपचा निरोप आला की पुढे पाठवण्याआधी अब्बांच्या उजव्या हाताकडे बघा.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट. आपल्या देशाची सरासरी ८ च्या घरात आहे. मी करकंबच्या माणसांना बाजार आमटी सोडा म्हणालो तर परत गावात यायची सोय उरणार नाही. सोडू नका. दुसऱ्या वाटीवर वरून मीठ घेऊ नका आणि शेजारचा पापड परत ठेवा. तर्रीचा तिखटपणा दाब वाढवत नाही, नाकातून पाणी तेवढं येतं.

एक प्रश्न मला येण्याआधीच माहीत आहे: गोळी एकदा सुरू केली की जन्मभर? मी ३४ वर्षांचा आहे, मलाही हा प्रश्न पडला होता. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तंबाखू सुटली, तर काहींची मात्रा कमी होते, कधी गोळी सुटतेही. ते डॉक्टर आकडे बघून ठरवतात. मी सात किलो उतरवले, ऑनकॉल महिन्यातून एकच आठवडा मागून घेतला. साहेबाला कारण सांगितलं, खरं. तो गप्प झाला, आणि मग त्याने स्वतःच्या खणातली गोळ्यांची पट्टी दाखवली. माझी गोळी अजून चालू आहे. रोज सकाळी अब्बांना व्हिडिओ कॉल करतो. ते त्यांची गोळी दाखवतात, मी माझी, आणि दोघं एकदम गिळतो. अम्मी मागून म्हणते, दोघे मर्द मिळून एक गोळी घेताहेत, केवढा तमाशा.

मी पुण्याहून दोन मशीन आणली आहेत, ती त्या टेबलावर आहेत. पुरुषांची रांग डावीकडे, बायकांची उजवीकडे, दोन्ही एकाच वेळी सुरू होतील. पहिला नंबर अब्बांचा, त्यांचं डाव्या दंडावर घ्यायचं. बाकीच्यांनी आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. आणि मी बोलत असताना मागच्या रांगेतून जे दोघं-तिघं उठून टपरीवर जाऊन आले, त्यांनी अर्ध्या तासाने यावं. मी थांबतो.